फोनची बॅटरी बदलताना

लिथियम-आयन बॅटरीचा खरा वैरी म्हणजे उष्णता, आणि अजिंठा-फर्दापूर भागात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. आयफोन १४पर्यंतच्या फोनबाबत अ‍ॅपल सांगते की ५०० पूर्ण चार्जिंगनंतर बॅटरीची मूळ क्षमता ८० टक्के उरते. त्याखाली गेली की बदला. त्यासाठी शंभरेक किलोमीटरवरच्या छत्रपती संभाजीनगरला जावं लागलं, तरी अधिकृत सेवा केंद्रच बरं. गावातल्या दुकानात बदलणार असाल, तर बॅटरीवर भारतीय मानक ब्युरोची (बीआयएस) नोंदणीखूण आणि ‘आयएस १६०४६’ हा क्रमांक पाहा, पक्की पावती मागा. क्षमतेच्या (एमएएच) फुगवलेल्या आकड्यांना भुलू नका. पाठ फुगलेला फोन चार्जिंगला अजिबात लावू नका, बॅटरी टोचू नका. जुनी बॅटरी परत गोळा करण्याची जबाबदारी २०२२च्या नियमांनी उत्पादकांवर टाकली आहे. म्हणून जुनी बॅटरी सेवा केंद्रातच जमा करा.