झेब्रा मासा आणि न दिसणारी इजा

काही वर्षांपूर्वी एक तरुण स्त्री सहा आठवड्यांच्या बाळाला घेऊन माझ्या दवाखान्यात आली होती. लस टोचून झाली, वजन झाले, तरी ती उठेना. अखेरीस संकोचाने म्हणाली, "डॉक्टर, मला पाचवा महिना असताना घरात वाळवीचे औषध मारले होते. दोन दिवस वास जात नव्हता. बाळाला काही होणार नाही ना?" बाळ डोळ्याला डोळा देऊन हसत होते, स्नायूंचा ताण उत्तम, डोक्याचा घेर योग्य. "काही नाही हो, अगदी छान आहे तुमचे बाळ," असे सांगून मी पुढच्या रुग्णाला बोलावले. औषधाचे नावसुद्धा विचारले नाही. मी खोटे बोललो नव्हतो. परंतु ज्या प्रश्नाचे उत्तर दिले, तो तिने विचारलेलाच नव्हता. हे माझ्या ध्यानात आले ते पुढे कधीतरी वाचनात आलेल्या एका माशामुळे.

झेब्रा मासा आपल्याकडचाच. गंगेच्या खोऱ्यातील माशांची नोंद करताना फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ साली त्याचे प्रथम वर्णन केले. जेमतेम चार सेंटिमीटर लांबीचा, अंगावर निळे पट्टे असलेला हा मासा घरोघरच्या काचेच्या टाक्यांतून दिसतो. त्याला प्रयोगशाळेत मानाचे स्थान मिळवून दिले ते अमेरिकेतील ओरेगन विद्यापीठाच्या जॉर्ज स्ट्रायसिंगर यांनी. त्यांचा पायाभूत निबंध १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला. २०१३ साली या माशाच्या संपूर्ण जनुकसंचाचे वाचन प्रसिद्ध झाले, तेव्हा मानवी जनुकांपैकी सुमारे ७० टक्के जनुकांना त्याच्यात निदान एक तरी सगोत्र जनुक असल्याचे आढळले.

परंतु मेंदूच्या अभ्यासकांना त्याची भुरळ पडली ती वेगळ्या कारणाने. त्याचे अंडे आईच्या शरीराबाहेर फलित होते आणि भ्रूण पारदर्शक असतो. आपल्याला जे गर्भाशयाच्या अंधारात तर्काने जाणावे लागते, ते येथे सूक्ष्मदर्शकाखाली उघड्या डोळ्यांपुढे घडते. पहिला दिवस संपण्यापूर्वीच भ्रूण अंग वळवू लागतो, स्पर्श केला तर दचकतो. दोन-तीन दिवसांत अंड्यातून बाहेर येतो आणि पाचव्या दिवशी पोहत असतो. अशी शेकडो पिल्ले ९६ खळग्यांच्या तबकड्यांत ठेवून वरून कॅमेऱ्याने त्यांच्या हालचाली मोजता येतात. एकाएकी दिवा मालवला की निरोगी पिल्लू अस्वस्थ होऊन अधिक पोहते. मोठा आवाज झाला की क्षणार्धात अंग वाकवून पळ काढते. त्यामागे पश्चमेंदूतील माउथनर नावाच्या दोन प्रचंड चेतापेशी असतात. तोच आवाज पुनःपुन्हा केला की ते दचकणे सोडून देते. हे शिकण्याचे अगदी प्राथमिक रूप होय. एखाद्या रसायनाने ही सवय लागेनाशी झाली, तर पिल्लू दिसायला कितीही सुबक असो, आत काहीतरी बिनसले आहे असा संशय घ्यावा लागतो.

या दृष्टीने क्लोरपायरिफॉस या कीटकनाशकाची कथा मला सर्वांत बोलकी वाटते. वाळवीसाठी आणि शेतीसाठी आपल्याकडे ते वर्षानुवर्षे वापरात आहे. ऑर्गॅनोफॉस्फेटची विषबाधा आपणा सर्वांच्या परिचयाची : आकसलेल्या बाहुल्या, तोंडातून लाळ, अॅट्रोपीनचे इंजेक्शन. पण तो झाला मोठ्या मात्रेचा अपघात. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात एडवर्ड लेव्हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विचारलेला प्रश्न निराळा होता. त्यांनी झेब्रा माशाच्या भ्रूणांना आयुष्याच्या पहिल्या पाच दिवसांतच, दर मिलिलिटर पाण्यात १० किंवा १०० नॅनोग्रॅम इतके क्लोरपायरिफॉस दिले आणि नंतर स्वच्छ पाण्यात वाढवले. हे मासे १८ ते ३८ आठवड्यांचे, म्हणजे पूर्ण प्रौढ असताना, त्यांची जागा ओळखून योग्य बाजू निवडण्याची परीक्षा घेतली. दोन्ही गटांत दोष आढळला. मौज अशी, की कमी मात्रेचे मासे प्रतिसाद देण्यात उतावळे झाले होते, तर जास्त मात्रेचे मंद. मात्रा वाढली म्हणजे तोच परिणाम वाढतो, हा आपला पाठ येथे लागू पडला नाही. हा निबंध २००३ सालचा.

कारणाचा एक धागाही या माशानेच दिला. माणसात अॅसिटिलकोलीनचे विघटन करणारी दोन विकरे असतात, या माशात एकच. आणि २००२ साली असे दिसून आले, की ते विकर नसलेल्या भ्रूणात चेतातंतूंची आणि स्नायूंची जडणघडणच बिघडते. ज्याला आपण केवळ संदेश पुसणारे समजत होतो, ते मेंदूच्या बांधकामावरचा मजूरही आहे.

अर्थात मासा म्हणजे माणूस नव्हे. त्याला नाळ नाही, आपल्यासारखे प्रमस्तिष्काचे बाह्यक नाही, आणि पाण्यातील मात्रेवरून आईच्या रक्तातील मात्रा काढता येत नाही. माशाने निकाल द्यायचा नसतो. कोठे शोधावे एवढेच सांगायचे असते. या प्रकरणात ते शोधणेही झाले. न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी बाळांच्या नाळेच्या रक्तातील क्लोरपायरिफॉस मोजून त्यांचा वर्षानुवर्षे मागोवा घेतला. २००६ मध्ये त्यांनी तीन वर्षांच्या, आणि २०११ मध्ये सात वर्षांच्या मुलांचे निष्कर्ष मांडले : ज्यांच्या रक्तात प्रमाण अधिक होते, त्यांच्यात विकासाचा मागासलेपणा आणि अवधानाचे दोष अधिक, तर पुढे कार्यकारी स्मृती उणी. जन्मतः यांतील बहुतेक बाळे मला "अगदी छान" वाटली असती. अमेरिकेत घरगुती वापर बंद करण्याचा करार २००० मध्येच झाला होता. युरोपीय संघाने २०२० मध्ये परवानगीचे नूतनीकरण नाकारले.

त्या बाईंचा मुलगा आता शाळेत जातो. मध्यंतरी त्या आल्या, तेव्हा वर्गात त्याचे लक्ष लागत नाही अशी बाईंची तक्रार असल्याचे सांगत होत्या. त्याचा फवारणीशी संबंध आहे असे मी म्हणू शकत नाही, नाही असेही म्हणू शकत नाही. लक्ष न लागण्याची कारणे शंभर असतात. मी त्याला नीट तपासले, चाचण्यांसाठी पाठवले आणि त्यांना सहा आठवड्यांच्या भेटीची आठवण करून देऊन माझे ते उत्तर अपुरे होते असे सांगितले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "औषधाचा डबा अजून माळ्यावर आहे, आणू का?"

मी आणायला सांगितले. आता माझ्या केसपेपरवर, लसींच्या रकान्याच्या वर, एक नवी ओळ छापून घेतली आहे : गरोदरपणी घरात किंवा शेतात फवारणी, कोणते औषध, कोणता महिना.