साखरझोप आणि पाचचा गजर

श्रावणी सोमवारी परळीत कुणाला गजर लावावा लागत नाही. वैद्यनाथाच्या दर्शनाला मध्यरात्रीपासून रांग लागते. एरवी चहा पुढ्यात आल्याशिवाय पाय जमिनीला न लावणारी माणसं त्या दिवशी तीनला आंघोळ उरकून, बेलाची पानं घेऊन देवळाच्या पायऱ्यांवर उभी असतात. मंगळवारी मात्र तीच माणसं आठपर्यंत अंथरुणात. एका दिवसाचं उठणं श्रद्धेवर निभतं, लग्नघरच्या घाईवर निभतं, रेल्वेच्या तिकिटावरही निभतं. रोजचं उठणं शरीराच्या हिशेबानं चालतं आणि तो हिशेब आदल्या संध्याकाळीच सुरू झालेला असतो.

गजर वाजतो तेव्हा

झोप दोन गोष्टींवर ठरते. आपण जितका वेळ जागे राहू, तितकं मेंदूत अॅडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं आणि पेंग येते. झोपेत ते ओसरतं. चहा-कॉफीतलं कॅफीन या द्रव्याचा परिणाम काही तास दाबून ठेवतं, एवढंच. दुसरी गोष्ट म्हणजे शरीराचं घड्याळ. ते पेशीपेशीत कसं चालतं, हे चिलटांवरच्या संशोधनातून उलगडलं आणि त्यासाठी जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश व मायकेल यंग यांना २०१७ चं नोबेल मिळालं. मेंदूतलं मुख्य घड्याळ मात्र रोज उजेड पाहून आपले काटे जुळवून घेतं.

मराठीत पहाटेच्या झोपेला साखरझोप म्हणतात. हा शब्द ज्यानं घडवला त्यानं बरोबर जागी बोट ठेवलं होतं. गाढ झोप रात्रीच्या पूर्वार्धात जास्त असते. उत्तररात्री स्वप्नांच्या झोपेचे टप्पे लांबत जातात. नेहमीच्या उठण्याच्या साधारण दोन तास आधी शरीराचं तापमान सगळ्यात खाली आलेलं असतं, म्हणून गोधडी तेव्हाच सर्वांत प्रिय वाटते. बारा वाजता झोपून चारचा गजर लावणारा माणूस नेमकी ही साखरझोप कापून टाकतो. त्याला आळशी म्हणणं मला कधीच पटलं नाही. ज्याची रात्रच अपुरी आहे त्याचं सकाळचं अंग जड असणारच. नीट झोपलेल्यालाही उठल्यावर पंधरा मिनिटं ते अर्धा तास थोडा बधिरपणा असतो. ‘उठावं की नको’ याचा निर्णय त्या वेळात घ्यायचा नसतो, कारण तेव्हा निर्णय घेणारा पुरता जागाच नसतो.

परळीचा सूर्य चोवीस मिनिटं मागे

भारताची प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश रेखांशावर धरलेली आहे. परळी त्याच्या पश्चिमेला सुमारे सहा अंशांवर. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे आपला सूर्य घड्याळाच्या चोवीस मिनिटं मागे चालतो. मोबाइलमध्ये पाच वाजतात तेव्हा परळीच्या आकाशात चार छत्तीस झालेले असतात. शिवाय ऋतू वेगळा. जूनमध्ये इथे पावणेसहाच्या सुमारास सूर्य उगवतो, तर जानेवारीच्या उत्तरार्धात सात वाजत आलेले असतात. पाचचा गजर जूनमध्ये उजाडण्याच्या तोंडावर वाजतो, जानेवारीत मिट्ट काळोखात. हिवाळ्यात उठणं जड जातं ते नुसत्या गारठ्यानं नव्हे; झोपेला साथ देणारं मेलाटोनिन उजेड पडेपर्यंत रेंगाळतं.

वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदय’ ग्रंथात ब्राह्ममुहूर्तावर उठायला सांगितलं आहे, हे सगळ्यांना पाठ असतं. पण तिथे निरोगी माणसानं उठावं असं म्हटलं आहे, ते कुणी सांगत नाही. आणि ब्राह्ममुहूर्त घड्याळाला बांधलेला नाही. सूर्योदयाच्या ९६ मिनिटं आधी तो सुरू होतो आणि ४८ मिनिटं आधी संपतो. म्हणजे परळीत जूनमध्ये तो सव्वाचारच्या आत लागतो, जानेवारीत जवळजवळ साडेपाचला. वैद्यांचा नाथ ज्या गावात आहे, तिथल्या लोकांनी तरी हा तास-सव्वातासाचा फरक ध्यानात घ्यावा. पूर्वी दिवेलागणीनंतर दोन-तीन तासांत गाव निजायचं, म्हणून जात्याची घरघर पहाटे सुरू होऊ शकायची. आपण त्यांची पहाट तेवढी उचलली, रात्र मात्र आपली ठेवली.

लवकर उठणारे सगळे सुखी नसतात

‘लवकर उठणारा पुढे जातो’ असं व्याख्यानात ऐकलं की मला ऊसतोड टोळ्या आठवतात. दिवाळीनंतर बीड जिल्ह्यातून लाखो माणसं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, ती उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. फडात पहाटेच उतरायचं असतं. बाईला त्याच्याही आधी कोपीत चूल पेटवून भाकरी थापाव्या लागतात, पोरांचं आवरावं लागतं. रात्री उशिरा वाहन आलं की मोळ्या भरायला पुन्हा उठायचं. उचल फिटेपर्यंत हा क्रम चालू. यात शिस्त भरपूर आहे, झोप नाही.

इकडे शेतकऱ्याला शेतीपंपासाठी वीज आलटून-पालटून मिळत आली आहे: काही दिवस दिवसा आठ तास, काही दिवस रात्री दहा तास. रात्रीची पाळी आली की बॅटरी घेऊन मोटार चालू करायला जायचं, साप-विंचू सांभाळत पाणी द्यायचं. आणि हे सगळं कुठे, तर १९७१ पासून वीज तयार करणाऱ्या औष्णिक केंद्राच्या आसपासच्या शिवारात! त्या केंद्रातही काम चोवीस तास पाळ्यांत चालतं. रात्रपाळी करून सकाळी घरी येणाऱ्याला ‘दिवस वर आला, उठा’ म्हणणं हा त्याच्यावर अन्याय आहे. त्याची खोली दिवसा काळोखी ठेवावी, घरात कुकरच्या शिट्ट्या आणि टीव्ही आवरावा. त्याच्यासाठी तीच रात्र.

ज्यांच्या हातात आहे त्यांनी काय करावं

आधी झोपेची वेळ ठरवा. मोठ्या माणसाला सात तास तरी लागतातच. साडेपाचला उठायचं तर साडेदहाला दिवा मालवलेला हवा; दहाला अंथरुणावर पडून मोबाइल बघणं यात धरायचं नाही. आठला उठणाऱ्यानं एकदम पाचचा गजर लावू नये. तीन-चार दिवसांनी पंधरा-पंधरा मिनिटं मागे यावं. महिना-दीड महिना लागेल, पण टिकेल.

उठलं की ताबडतोब उजेडात या. गच्ची, अंगण, ओटा, काहीही चालेल. खोलीतल्या दिव्यापेक्षा उघड्या आभाळाचा उजेड, ढगाळ दिवशीसुद्धा, कितीतरी पट जास्त असतो आणि त्यानंच रात्रीची झोप लवकर यायला लागते. एकच गोष्ट करायची असेल तर ही करा.

गजराचा मोबाइल उशाखाली ठेवू नका, हात पोचणार नाही इतका लांब ठेवा. घरात जुनं किल्लीचं घड्याळ असेल तर फारच उत्तम. त्यात व्हॉट्सअॅप नसतं. चहाचा शेवटचा कप चार-पाचच्या पुढे नको. पोटात गेलेल्या कॅफीनपैकी निम्मं पाच तासांनीही अंगात असतं. दुपारची डुलकी हवीच असेल तर वीस मिनिटं, तीनच्या आत.

रविवारी तासभर जास्त झोपलात तर बिघडत नाही. दहापर्यंत झोपलात तर रात्री झोप येणार नाही आणि सोमवार बिघडेल. मे महिन्यात आपल्याकडे भिंती मध्यरात्रीपर्यंत धग सोडत असतात. झोप लागायला शरीराचं तापमान थोडं उतरावं लागतं, म्हणून माळवदावर किंवा गच्चीवर झोपण्यात शहाणपण आहे. मच्छरदाणी विसरू नका.

मुलांचं गणित वेगळं

वयात येणाऱ्या मुलांचं घड्याळच तास-दोन तास पुढे सरकतं. दहावीतला मुलगा रात्री अकरापर्यंत टक्क जागा असतो आणि सकाळी हलवून उठत नाही, त्यात त्याची खोडी कमी आणि वयाचा भाग जास्त. त्याला आठ ते दहा तासांची झोप लागते. लहानांसाठी राज्य सरकारनं फेब्रुवारी २०२४ मध्ये पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय काढला. मोठ्या मुलांची शिकवणी पहाटे सहाला ठेवणाऱ्यांनी आणि तिथे पाठवणाऱ्या पालकांनी एकदा त्यांच्या झोपेचे तास मोजावेत.

तरीही डोळे उघडत नसतील तर

सात-आठ तास झोपूनही रोज सकाळी अंग मोडून पडल्यासारखं वाटत असेल, तर दोष सवयीचा नसावा. रक्त कमी असणं, थायरॉइड, मधुमेहामुळे रात्री वारंवार लघवीला उठावं लागणं, मनाची उदासी, अशी कारणं असू शकतात. मोठ्यानं घोरणं आणि मध्येच श्वास अडकणं हे तर हसण्यावारी नेऊच नका. त्यात झोप रात्रभर तुटत राहते, झोपणाऱ्याला पत्ता नसतो आणि दिवसा गाडी चालवताना डोळा लागतो. शेजारी झोपणाऱ्या माणसाला विचारा, तो खरं सांगेल. मग डॉक्टरांना दाखवा. अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय काही लांब नाही. सकाळची ओपीडी गाठायची म्हणजे त्या दिवशी तेवढं लवकर उठावं लागेल.