भट्टीचे धुराडे लाकूड खाते तेव्हा

लाकडावर भट्टी चालवणारे आमचे बेकरीवाले बांधव म्हणतात, लाकूड भराभर संपते, पण भट्टी तापत नाही. आम्ही म्हणतो, आधी धुराडे पाहा. धुराडे जितके उंच व तापलेले, तितकी त्याची ओढ जास्त. आग घोंगावू लागली की समजावे, उष्णता वर चालली आहे. प्रथम दाराच्या चौकटीभोवतीच्या फटी मातीने लिंपाव्यात. मग धुराड्यात लोखंडी झडप बसवावी आणि आग नीट धरल्यावर ती थोडी थोडी सारावी. निखारे असेपर्यंत झडप पूर्ण बंद करू नये. कोळशाच्या विषारी वायूला वास नसतो. जवळ झोपलेला कारागीर पुन्हा उठत नाही. आग मंदावण्यासाठी ओले लाकूडही घालू नये. काजळी साचून धुराडेच पेटते. बांधवांनो, जळणाची उधळपट्टी हाही इस्राफच आहे.