सुतळीतला खांदा

गेल्या दिवाळीत इंदापूर तालुक्यातील एका वस्तीवर डाळिंबाची बाग पाहण्यास गेलो होतो. बागेत तेल्याचे डाग होते, ते पाहून काय फवारावे ते सांगून झाले आणि चहासाठी आम्ही ओट्यावर बसलो. घरातली थोरली लेक मेडिकलच्या पहिल्या वर्षाला आहे. सुट्टीला आलेली ती पोर बाजेच्या गाताला पाच सुतळ्या बांधून त्यांची जुळणी करीत होती. एक हळदीत भिजवलेली, एक कुंकवात, एक निळीत. तिचे वडील मला म्हणाले, “सायेब, दोन वर्सांचं उसाचं बिल हिच्या शिक्षणावर घातलं, आन् तितं हिला सुतळी वळाय शिकवत्यात. ते तर आमी घरीच शिकवलं आसतं की!”

ते हसले खरे, पण त्या हसण्यात काळजी होती. आपल्यापैकी कुणाचा मुलगा वा मुलगी या शिक्षणाला असेल, तर आपल्यालाही असे कधी वाटले असेल. म्हणून त्या सुतळीचे पुढे काय झाले ते सांगतो.

आपल्या मानेतून आणि छातीच्या अगदी वरच्या भागातून प्रत्येक बाजूला पाच मज्जातंतू हाताकडे निघतात. वरचे दोन एकत्र येतात, मधला एकटाच राहतो, खालचे दोन एकत्र येतात. झाले तीन. मग त्या तिघांचे प्रत्येकी दोन फाटे फुटून सहा होतात, ते पुन्हा मिळून तीन होतात आणि शेवटी हातात जाणारे पाच मोठे मज्जातंतू त्यांतून निघतात. आपल्या नीरा डाव्या कालव्याच्या फाट्यांसारखेच हे, असे मी म्हणालो. ती म्हणाली, “नाही काका, चारीचं पाणी पुन्हा कालव्यात येत नाही. इथं सगळं परत मिसळतं, म्हणून पुस्तकातल्या चित्रावरून डोक्यात बसत नाही. स्वतः गाठी मारल्या की बसतं.”

तिचा चुलता शेजारीच बसला होता, उजवा हात मांडीवर टाकून. दोन महिन्यांपूर्वी पावसात मोटारसायकल घसरून तो खांद्यावर पडला होता. हाड मोडले नव्हते. बोटे हलत, मूठही वळत असे, पण हात खांद्यातून वर उचलेना आणि कोपरात वाकेना. कोणी मालिश सांगितली, कोणी शेक. “हाड शाबूत हाय, हुईल हळूहळू,” असे म्हणून सारे थांबले होते.

मुलीने सुतळ्यांचे एक टोक बापाच्या हाती दिले, दुसरे स्वतः धरले आणि सांगितले, “हे टोक मान, हा खांदा. पडताना मान एकीकडे गेली आणि खांदा खाली दाबला गेला.” तिने खांद्याचे टोक खाली ओढले. वरच्या दोन सुतळ्या ताठ झाल्या, खालच्या ढिल्याच राहिल्या. “खांदा उचलायचं आणि कोपर वाकवायचं काम या वरच्या दोघींचं. बोटांचं काम मुख्यतः खालच्यांचं. म्हणून काकांची बोटं हलतात.”

बाप बराच वेळ त्या ताठ सुतळ्यांकडे पाहत राहिला. मग तिच्या म्हणण्याप्रमाणे, पुढच्या आठवड्यात पुण्याला जायचे ठरले. याला कारण आहे. मज्जातंतू नुसता ताणला असेल तर पुष्कळदा तो आपोआप सुधारतो. पण मुळातून उपटला गेला असेल तर सुधारत नाही, आणि शस्त्रक्रिया करायची झालीच तर ती अपघातानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत केलेली चांगली. वर्षभर मालिश करून मग गेले तर वेळ निघून गेलेली असते. अवघड बाळंतपणात मूल अडकून मान ओढली गेली, तरी याच वरच्या तंतूंना इजा होते. बाळ एक हात हलवत नाही असे दिसले तर तेही लगेच दाखवावे.

असो. हाताने करून शिकण्याची ही रीत नवी नाही. सुश्रुताच्या ग्रंथात शिष्याने रोग्याला हात लावण्यापूर्वी कशावर सराव करावा हे सांगितले आहे, आणि ती यादी वाचली की आपला मळाच समोर उभा राहतो. कापण्याचा सराव कोहळा, भोपळा, कलिंगड आणि काकडीवर. भेदण्याचा सराव पाण्याने किंवा चिखलाने भरलेल्या कातडी पिशवीवर. खरवडण्याचा केस असलेल्या कातड्यावर, शिर वेधण्याचा मेलेल्या जनावराच्या शिरेवर आणि कमळाच्या देठावर. जखमेत सळई घालून ती किती खोल आहे ते अजमावण्यासाठी किडीने पोखरलेले लाकूड आणि बांबू. दात उपटण्यासाठी मेलेल्या जनावराचे दात. टाके घालण्यासाठी जाड कापड आणि मऊ कातडे. आणि पट्ट्या बांधण्यासाठी माणसाच्या आकाराचा पुतळा! कितीही शास्त्र वाचले तरी असा सराव न केलेला शिष्य कामास अयोग्य, असेही तिथे बजावले आहे.

फ्रान्समध्ये ओझू नावाचा शेतकरी मुलखातला एक डॉक्टर होऊन गेला. जन्म १७९७ चा. शिकताना प्रेते मिळत नसत, मिळाली तर टिकत नसत. म्हणून त्याने कागदाच्या लगद्याचा माणूस केला. त्याचे स्नायू, शिरा, आतडी एकेक सुटी काढून पुन्हा बसवता येत. त्याने आपल्याच गावात कारखाना काढला आणि गावच्या माणसांना हे काम शिकवले. पुढे त्याने घोड्याचाही असाच नमुना केला. मला माणसापेक्षा या घोड्याचेच अधिक कौतुक वाटते.

कारण आम्ही कृत्रिम रेतन शिकलो तेही असेच. गायीच्या गुदद्वारातून हात घालून, आतड्याच्या भिंतीतून गर्भाशयाचे टणक तोंड पकडायचे. डोळ्याला काही दिसत नाही. आधी कत्तलखान्यातून आणलेल्या गर्भाशयावर आठवडाभर हात बसवला, तेव्हा कुठे गायीपाशी उभे केले. तरी पहिल्या गायीला बराच त्रास दिला असणार.

आपल्या घरीही एक पाहण्यासारखे आहे. मटणाच्या दुकानात ज्याला ‘दिल’ म्हणतात ते बोकडाचे हृदय आणून आडवे कापावे. डावीकडची भिंत उजवीपेक्षा चांगलीच जाड दिसेल. उजव्या बाजूला रक्त जवळच्या फुप्फुसापर्यंतच ढकलायचे असते, डावीला साऱ्या अंगभर. जास्त उंचीवर पाणी चढवायचे तर मोटारही तशीच घ्यावी लागते. माळकरी घरात हे चालणार नाही. तिथे बैल करायची माती आहेच, मुलांकडून तिचे हृदय करवून घ्यावे.

आता प्लॅस्टिकचे नमुने तर आहेतच, शिवाय रोग्याच्या स्कॅनवरून थरावर थर चढवून त्याच्याच हाडाची प्रतिकृती छापणारी यंत्रेही आली आहेत. पण नमुन्यात एक उणीव राहतेच. साच्यातून निघालेले सगळे सारखे. एका वाफ्यातली दोन रोपे सारखी नसतात, तशी दोन माणसे आतून सारखी नसतात. तेच मज्जातंतू एखाद्यात एक मणका वरूनही निघतात. हे कळायला खरा देहच लागतो. बेवारस देह शिक्षणासाठी देण्याचा कायदा आपल्याकडे १९४९ साली झाला, आणि आता पुष्कळ लोक स्वखुशीने देहदान करतात. बारामतीला २०१९ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, पुढे त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव दिले गेले. दान आलेला देह कुठे जातो ही गोष्ट आता आपल्या भागाला दूरची राहिलेली नाही. मी माझ्या घरी हा विषय काढला. सौभाग्यवती दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारले, “मग दहाव्याचं काय करायचं?” तिथपर्यंत बोलणे आले आहे.

फाल्गुनात पुन्हा त्या वस्तीवर जाणे झाले. पुण्याला विजेच्या यंत्रावर तपासणी झाली होती. तंतू ताणले होते, तुटले नव्हते. रोजचा व्यायाम चालू होता. चहा आला तेव्हा चुलत्याने डाव्या हाताचा आधार कोपराला देऊन उजव्या हातानेच कप उचलला, थोडा सांडला, पण ओठापर्यंत नेला. सुतळ्या बाजेला अजून तशाच बांधलेल्या होत्या.