पंचनाम्यात न येणारे विष

नाशिकरोड सोडून पुण्याच्या दिशेने निघाले की काही अंतरावर शिंदे गाव लागते. ऑक्टोबर २०२३ च्या पहिल्या आठवड्यात मुंबईच्या साकीनाका पोलिसांनी तेथील औद्योगिक परिसरातील एका कारखान्यावर छापा घातला. मेफेड्रोन, म्हणजे बाजारात ‘एमडी’ या दोन अक्षरांनी ओळखला जाणारा अमली पदार्थ, तेथे तयार होत होता. सुमारे दीडशे किलो माल आणि ३०० कोटी रुपये किंमत, असे आकडे दुसऱ्या दिवशी सर्वत्र झळकले. पाठोपाठ नाशिक पोलिसांनी त्याच परिसरातील दुसऱ्या जागेवर कारवाई केली. महिनाअखेरीस तपास गिरणेच्या पात्रापर्यंत पोहोचला आणि लोहोणेर-ठेंगोडा परिसरात नदीत टाकलेल्या मालाचा शोध पाणबुड्यांकरवी घेतला गेला. पुढे फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे जिल्ह्यातील कुरकुंभ औद्योगिक वसाहतीतून शेकडो किलो मेफेड्रोन निघाले, तेव्हा शिंदे गावचा प्रकार एकटा नव्हता हेही स्पष्ट झाले.

मेफेड्रोनचा समावेश अमली पदार्थविरोधी कायद्यात २०१५ साली झाला. तेव्हापासून जप्तीच्या प्रत्येक बातमीत वजन आणि किंमत असते, आरोपींची संख्या असते. त्या खोलीत काम केलेल्या, तिच्या शेजारी राहिलेल्या किंवा पंचनाम्यासाठी आत गेलेल्या माणसांच्या अंगावर काय चिकटले, याची नोंद मात्र क्वचितच आढळते. असे विष कोटींमध्ये मोजता येत नाही. म्हणूनच ते दुर्लक्षित राहते.

चोरून चालणाऱ्या अशा कारखान्यातील धोका केवळ तयार पुडीचा नसतो. त्याहून मोठा धोका कच्च्या मालाचा आणि प्रक्रियेत उरणाऱ्या घाणीचा असतो. तीव्र आम्ले, त्वचा जाळणारी अल्कली द्रव्ये, ठिणगीने भडकणारे द्रावक आणि डोळे-घसा झोंबविणारी वाफ एकाच बंद गाळ्यात एकत्र येतात. परवानाधारक रासायनिक कारखान्यात वाफ खेचणारी यंत्रणा असते, डोळे धुण्याचा नळ असतो, डोक्यावरून पाणी सोडणारा फवारा असतो. चोरट्या कारखान्यात, वास बाहेर जाऊ नये म्हणून, खिडक्याच बंद केलेल्या असतात. पिंपांवरील चिठ्ठ्या काढून टाकलेल्या असल्याने आतील द्रव्य कोणते हे डॉक्टरांनाही सांगता येत नाही. कित्येक द्रावकांची वाफ हवेपेक्षा जड असते; ती जमिनीलगत साचते आणि खाली वाकून फरशी पुसणाऱ्या किंवा तेथेच अंथरूण टाकणाऱ्या मजुराच्या नाकात प्रथम शिरते.

अशा जागेतून बाहेर आलेल्या माणसाचे निर्विषीकरण म्हणजे काही गूढ वैद्यकीय विद्या नव्हे. दूषित हवेपासून दूर नेणे, कपडे उतरविणे आणि भरपूर पाण्याने धुणे, या तीन कृतींतच त्याचे सार आहे. अवघड आहे तो क्रम आणि वेळ पाळणे. माणसाला वाऱ्याच्या वरच्या बाजूस, शक्य असल्यास उंचवट्याकडे न्यावे. प्रशिक्षित पथके जागेचे तीन पट्टे आखतात: दूषित भाग, धुण्याचा भाग आणि स्वच्छ भाग. दूषित भागातून आलेला कोणीही, मग तो हातकडी घातलेला आरोपी असो वा स्वतः पोलीस अधिकारी, मधल्या पट्ट्यात धुतला गेल्याशिवाय स्वच्छ भागात जात नाही. व्यवहारात आरोपीला थेट गाडीत बसविण्याची घाई होते. मग ती गाडी, कोठडीतील चटई आणि सोबतचा शिपाई, सारेच थोडे-थोडे दूषित होत जातात.

कपड्यांचे महत्त्व सर्वसाधारणपणे फार कमी लेखले जाते. आपत्ती व्यवस्थापनाच्या प्रशिक्षणात असे सांगतात की केवळ बाहेरचे कपडे उतरविल्याने अंगावरील ८० ते ९० टक्के दूषित द्रव्य दूर होऊ शकते. अर्थात अंग किती झाकलेले होते यावर ते अवलंबून आहे. कपडा डोक्यावरून ओढून काढू नये; तसे केल्यास छातीवरचे द्रव्य तोंडाला आणि डोळ्यांना लागते. सदरा असो वा बनियन, समोरून कापून बाजूला करावा. अंगठी, बांगड्या, घड्याळ, कमरेचा करदोटा यांच्याखाली द्रव साचून राहतो आणि तेथेच त्वचा सर्वाधिक भाजते. उतरविलेले कपडे दुहेरी प्लास्टिक पिशवीत बांधून त्यावर नाव लिहावे. ते पुरावाही असतात आणि धोकाही, म्हणून घरच्या धुण्यात ते कदापि जाऊ नयेत.

येथे एक प्रश्न असा आहे की परदेशी पुस्तिकांत त्याला फार थोडी जागा मिळते. गोदामात झाडलोट करणारी किंवा पिंपे धुणारी स्त्री चार पुरुषांसमोर आणि बघ्यांच्या गर्दीत कपडे उतरविणार नाही. तिने तसे करावे अशी अपेक्षा बाळगणेही योग्य नाही. पाच-सहा वार साडीत भिनलेला द्रव मात्र तोवर त्वचा जाळीतच असतो. दोन चादरींचा आडोसा, धुण्यासाठी स्त्री कर्मचारी आणि अंगावर घ्यायला एक कोरडे लुगडे किंवा गाऊन, एवढी तयारी असेल तर तिचा संकोच मिटतो आणि मोलाची मिनिटे वाचतात. आडोशाची चादर ही तेथे औषधाइतकीच आवश्यक वस्तू आहे. मंगळसूत्र काढण्यास ती तयार नसेल तर ते उचलून त्याखालची त्वचा आणि तो दागिना दोन्ही नीट धुवावे. वाद घालीत वेळ दवडू नये.

पाणी कोमट असावे, कढत नसावे. उष्णतेने त्वचेतील रक्तप्रवाह वाढतो आणि द्रव्य अधिक शोषले जाते. सौम्य साबण चालतो, परंतु घासणीने किंवा दगडाने अंग घासणे घातक ठरते. कोरडी पूड लागली असेल तर ती आधी कोरड्या फडक्याने अलगद झटकावी व मगच पाणी सोडावे, कारण काही द्रव्ये थोड्याशा पाण्याने अधिकच तापतात. डोळे पापण्या उघड्या धरून किमान १५ मिनिटे वाहत्या पाण्याखाली धुवावेत. पाण्याचा प्रवाह नाकाच्या बाजूने कानाकडे जावा, म्हणजे दुसऱ्या डोळ्यात घाण जात नाही. अल्कलीचा दाह असेल तर त्याहूनही अधिक वेळ लागतो. आम्लावर सोडा किंवा अल्कलीवर लिंबू-व्हिनेगर ओतण्याची कल्पना अनेकांना शास्त्रीय वाटते; प्रत्यक्षात त्या संयोगातून निर्माण होणारी उष्णता जखम वाढविते. तूप, हळद, टूथपेस्ट यांचाही येथे उपयोग नाही. काही पोटात गेले असेल तर ओकारी काढू नये. जे घशातून जाताना जाळीत गेले, ते परत येताना पुन्हा जाळते.

धुण्याआधीच रुग्णालयाकडे धाव घेण्याची प्रवृत्ती स्वाभाविक आहे. तिची किंमत काय असू शकते, हे २० मार्च १९९५ रोजी टोकियोत दिसले. भुयारी रेल्वेतील सारिन वायूच्या हल्ल्यानंतर सेंट ल्यूक्स रुग्णालयात एका दिवसात ६४० रुग्ण आले. बहुतेक जण अंगावरच्या त्याच कपड्यांत होते. पुढे केलेल्या पाहणीत रुग्णालयातील जवळपास एक चतुर्थांश कर्मचाऱ्यांनी स्वतःलाही त्रास झाल्याचे सांगितले. सारिन हे युद्धातील विष, त्याची आणि गाळ्यातल्या द्रावकांची बरोबरी होत नाही. पण कपड्यांतून उडणारी वाफ उपचार करणाऱ्यालाच आजारी पाडते, हा धडा दोन्हीकडे एकच आहे. त्यामुळे १०८ वर रुग्णवाहिका बोलाविताना रासायनिक द्रव्याचा संपर्क झाला आहे, हे पहिल्याच वाक्यात सांगणे आवश्यक असते. अग्निशमन दलाचा बंब १०१ वर मिळतो, आणि धुण्यासाठी सर्वाधिक पाणी त्याच्याकडेच असते.

रासायनिक आपत्तीचे विशेष प्रशिक्षण घेतलेली राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी तळेगावजवळ सुदुंबरे येथे आहे. तेथून नाशिकला पोहोचेपर्यंत कित्येक तास जाणार. त्वचेचा आणि डोळ्यांचा निकाल मात्र पहिल्या दहा-पंधरा मिनिटांतच लागतो, म्हणजे शेजारच्या गाळ्यातील माणसांच्या आणि त्यांच्याकडील पाण्याच्या नळीच्या भरवशावर. धुऊन झाल्यानंतर माणूस ठीक दिसला तरी त्याला डॉक्टरांच्या देखरेखीखाली ठेवावे लागते. काही वायूंमुळे फुप्फुसात पाणी भरण्याची क्रिया कित्येक तासांनंतर सुरू होते. लहान मुले अशा जागेत राहत असतील तर त्यांची तपासणी आधी. त्यांचा श्वास जलद चालतो, हात सतत तोंडात जातात आणि ती जमिनीवर खेळतात. अमेरिकेत अशा घरांतून सोडविलेल्या मुलांची खेळणी आणि अंथरूण सोबत नेऊ देत नाहीत. मुलाला ते क्रूर वाटते, म्हणून पथकाकडे नवे कपडे आणि एखादे नवे खेळणे तयार असते.

सावधगिरी आणि भीती यांत मात्र फरक करायला हवा. न्यूझीलंडमध्ये काही वर्षे मेथॅम्फेटामिनचे अंश सापडलेल्या सरकारी घरांतून भाडेकरूंना बाहेर काढले जात होते. २०१८ साली पंतप्रधानांचे मुख्य विज्ञान सल्लागार पीटर ग्लकमन यांनी अहवाल दिला की केवळ धूम्रपानातून भिंतीवर राहिलेल्या अंशामुळे रहिवाशांना अपाय झाल्याचा पुरावा नाही. खरा धोका उत्पादन झालेल्या जागेत असतो. गृहनिर्माण संस्थेला पुढे त्या कुटुंबांची क्षमा मागावी लागली. अमेरिकेतील विषचिकित्सकांनीही २०१७ मध्ये स्पष्ट केले की फेंटानिलसारखी पूड बोटाला नुसती लागल्याने माणूस बेशुद्ध पडणे जवळजवळ अशक्य आहे. शिंदे किंवा कुरकुंभच्या कारखान्यात मजुरी केलेल्या माणसाला गावाने दूर लोटण्याला विज्ञानाचा कोणताही आधार नाही. नीट धुतलेला माणूस संसर्गजन्य नसतो.

राहतो तो गाळा. सातपूर, अंबड, सिन्नर येथे गाळे आणि गोदामे भाड्याने देणाऱ्या व्यापारी कुटुंबांचा या विषयाशी संबंध येथे येतो. श्रावकाला वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत विषवाणिज्याची गणना आहे. भाड्याचा धनादेश घेणाऱ्याला आपला त्याच्याशी काही संबंध येईल असे सहसा वाटत नाही. कायद्याच्या कलम २५ नुसार आपली जागा अशा कृत्यासाठी जाणूनबुजून वापरू देणारा मालक शिक्षेस पात्र ठरतो. भाडेकरू वर्षभराचे भाडे रोखीने आगाऊ देतो, फलक लावीत नाही, काम फक्त रात्री चालते आणि गटारातून सॉल्व्हंटचा वास येतो, तेव्हा स्वतः कुलूप उघडून पाहण्याऐवजी पोलिसांना ११२ वर कळविणे, हीच सुरक्षित वाट आहे. आत जाऊन दिवा लावण्याच्या एका ठिणगीनेही साचलेली वाफ पेट घेऊ शकते.

जप्तीनंतर न्यायालयाच्या परवानगीने गाळ्याचा ताबा परत मिळाला की मालकाची पहिली इच्छा चुना मारून नवा भाडेकरू बसविण्याची असते. चुन्याखाली भिंतीत मुरलेले द्रव्य तसेच राहते. पोटमाळ्याचे लाकूड, गालिचा, गादी, पंख्याची जाळी अशा शोषून घेणाऱ्या वस्तू काढूनच टाकाव्या लागतात. फरशी व भिंती साबणाच्या पाण्याने पुन्हा-पुन्हा धुऊन दारे-खिडक्या अनेक दिवस उघड्या ठेवाव्या लागतात. उरलेली पिंपे आणि गाळ हा २०१६ च्या नियमांनुसार घातक कचरा असून तो महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला कळवून रांजणगाव किंवा तळोजा येथील प्रक्रिया केंद्राकडेच पाठवावा लागतो. भंगारवाल्याला दिलेले एक पिंप कुणाच्या तरी घरी पिण्याचे पाणी साठविण्यासाठी वापरले जाते. आणि धुण्याचे पाणी उघड्या नाल्यात सोडले, तर सातपूर-अंबडचा नाला नंदिनीला मिळतो व नंदिनी गोदावरीला. म्हणून हे काम रोजंदारीवर आणलेल्या दोन हमालांवर सोपवू नये. हातमोजे, गमबूट, योग्य मुखवटा आणि काम संपल्यावर अंघोळीची व कपडे बदलण्याची सोय ज्या ठेकेदाराकडे आहे, त्यालाच ते द्यावे, आणि भाडेकरारात या खर्चासाठीची अनामत रक्कम सुरुवातीलाच लिहून घ्यावी.