सुगम्यता, ऑनलाइन अभ्यासक्रमांची : उपशीर्षके व रंग

ऐकू न येणाऱ्या, दृष्टी मंद असलेल्या किंवा रंगभेद न कळणाऱ्या विद्यार्थ्यांनाही ऑनलाइन पाठ इतरांइतकेच समजावेत, अशी त्यांची रचना करणे म्हणजे सुगम्यता होय. ध्वनीला लेखी पर्याय देणारी उपशीर्षके व विचारपूर्वक केलेली रंगयोजना ही तिची दोन प्रमुख अंगे होत.

उपशीर्षके : चित्रपटातील भाषांतरित उपशीर्षकांत सामान्यतः केवळ संवाद असतात. सुगम्यतेसाठीच्या उपशीर्षकांत बोलण्याबरोबरच वक्त्याचे नाव आणि हशा, घंटा यांसारखे अर्थपूर्ण ध्वनीही नोंदवितात. ती बोलण्याच्या बरोबरीने उमटावी लागतात. प्रेक्षकाच्या इच्छेनुसार दाखविता वा लपविता येणाऱ्या उपशीर्षकांना ‘बंद’, तर चित्रातच कायम कोरलेल्यांना ‘खुली’ म्हणतात. अमेरिकेत दूरचित्रवाणीवर १९७२ मध्ये खुल्या व १९८० मध्ये बंद उपशीर्षकांचा नियमित वापर सुरू झाला. संगणकाने आपोआप तयार केलेल्या मजकुरात पारिभाषिक संज्ञा व विशेषनामे चुकतात; एखादा ‘नाही’ गळाला, तर विधानाचा अर्थच उलटतो. म्हणून तो मजकूर जाणकाराने तपासणे आवश्यक असते. देवनागरीत मात्रा व उकार ओळीच्या वर-खाली येत असल्याने दोन ओळींत पुरेसे अंतर ठेवावे लागते. फळ्याचा वा आकृतीचा खालचा भाग मोकळा ठेवल्यास उपशीर्षकांनी आशय झाकला जात नाही.

रंग : रंगदृष्टीतील जन्मजात दोष बहुधा लाल व हिरवा यांतील भेदाशी निगडित असून तो पुरुषांत अधिक आढळतो, उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत त्याचे प्रमाण सु. ८ टक्के आहे. आलेखातील दोन रेषा केवळ लाल व हिरव्या रंगांनी दाखविल्यास अशा विद्यार्थ्याला त्या सारख्याच भासू शकतात. रेषा अखंड व तुटक काढणे, त्यांवर नावे लिहिणे, हा त्यावरील उपाय होय. वक्ते ओळखण्यासाठी उपशीर्षकांना निरनिराळे रंग दिले, तरी नावे द्यावीच लागतात. अक्षरे व पार्श्वभूमी यांच्या सापेक्ष दीप्तींत प्रत्येकी ०.०५ मिळवून मोठ्या संख्येस लहान संख्येने भागले असता दीप्तिगुणोत्तर मिळते. पांढऱ्यावर काळ्या अक्षरांसाठी ते २१ : १, शुद्ध लाल अक्षरांसाठी सु. ४ : १, तर पिवळ्यांसाठी जेमतेम १.०७ : १ येते.

मानके व कायदा : वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमच्या मार्गदर्शक तत्त्वांची पहिली आवृत्ती १९९९ मध्ये व २.२ ही आवृत्ती २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. ध्वनिमुद्रित चित्रफितींना उपशीर्षके असणे व केवळ रंगावर माहिती न सोपविणे, या त्यांतील प्राथमिक स्तराच्या अटी आहेत. मध्यम स्तरासाठी साध्या अक्षरांचे दीप्तिगुणोत्तर किमान ४.५ : १ व मोठ्या अक्षरांचे ३ : १ लागते. भारतात दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये इलेक्ट्रॉनिक माध्यमांतील आशयाला उपशीर्षकांची तरतूद आहे.

या बाबी मागाहून जोडणे किती कठीण असते, हे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेच्या उदाहरणावरून दिसते. तेथील मोफत पाठांत उपशीर्षकांचा अभाव आणि रंगयोजनेतील उणिवा असल्याचे अमेरिकेच्या न्याय विभागाने २०१६ मध्ये दाखवून दिले. खर्चाचे कारण पुढे करून विद्यापीठाने २०१७ मध्ये २०,००० हून अधिक व्याख्याने सार्वजनिक वापरातून काढली. परिणामी बधिर विद्यार्थ्यांना ती मिळाली नाहीतच. इतरांनाही ती दुरावली. २०२२ मध्ये झालेल्या तडजोडीनुसार विद्यापीठाने आपला ऑनलाइन आशय सुगम करण्याचे मान्य केले. पाठाची संहिता लिहितानाच उपशीर्षके व रंग यांचा विचार केल्यास श्रम व खर्च पुष्कळच वाचतात. उपशीर्षकांचा उपयोग परभाषेतून शिकणाऱ्या व गोंगाटात पाठ पाहणाऱ्या विद्यार्थ्यांनाही होतो.