पोहण्याच्या हौदातील पाणी निर्मळ कसे राखावे?

पाणी आणणे आणि पाणी राखणे या दोन निरनिराळ्या विद्या आहेत. पहिलीत बऱ्हाणपूरने पूर्वीच लौकिक मिळविलेला आहे. जहांगीर बादशहाच्या कारकिर्दीत, सन १६१५ च्या सुमारास, अब्दुर्रहीम खानखाना यांच्या पुढाकाराने आणि तबकुतुल अर्ज या इराणी जाणकाराच्या देखरेखीखाली सातपुड्याकडून तापीकडे झिरपणारे भूजल वाटेतच अडविण्यात आले आणि कुंड्यांच्या रांगेखालून, केवळ उताराच्या बळावर, भुयारी मार्गाने शहरात आणले गेले. आजही कुंडी भंडाऱ्यात उतरणाऱ्यास काचेसारखे पाणी दिसते आणि त्याबरोबरच भिंतींवर साचलेली पांढरी चुनखडीही दिसते. या पांढऱ्या थरात आपल्या विषयाचे अर्धे मर्म साठविलेले आहे.

सिंधीपुऱ्यासारख्या दाट वस्तीत पोहण्याच्या हौदाला जागा कोठून मिळणार? तथापि, शहराबाहेरच्या मळ्यात किंवा नव्या बंगल्यात ज्यांनी असा हौद नुकताच बांधून घेतला आहे, त्यांचा अनुभव बहुधा एकच असतो. पहिले चार दिवस पाणी निळेशार असते. नंतर ते दुधाळ होते, आठवड्याभरात हिरवट दिसू लागते, आणि मालक वैतागून हौद रिकामा करतो. आठ मीटर लांब, चार मीटर रुंद आणि सरासरी सव्वा मीटर खोल अशा हौदात ४०,००० लिटर पाणी मावते. केळीच्या बागांसाठी जेथे विंधनविहिरी वर्षागणिक खोल जात आहेत, तेथे एवढे पाणी महिन्यातून दोनदा गटारात सोडणे परवडणारे नाही आणि आवश्यकही नाही.

दुधाळपणाचे कारण असे. जमिनीखालच्या पाण्यात कर्बद्विप्राणिल वायू विरघळलेला असतो व त्याच्या आधाराने चुनाही विरघळून राहतो. पाणी उघड्यावर आले की वायू निघून जातो, पाण्याचा सामू वाढतो आणि चुना बारीक कणांच्या रूपाने बाहेर पडतो. भंडाऱ्याच्या भिंतींवर घडते तेच हौदाच्या फरशीवर आणि गाळणीच्या वाळूत घडते. नव्या सिमेंटचा गिलावाही पाण्याचा सामू वाढवितो. त्यात उन्हाळ्याची भर पडते. रोज सहा मिलिमीटर बाष्पीभवन धरले तर वरील हौदातून महिन्याला सुमारे ५,७०० लिटर पाणी उडून जाते, पण क्षार मात्र मागेच राहतात. ती तूट पुन्हा विंधनविहिरीच्या दुष्फेन पाण्याने भरून काढली की महिन्यागणिक पाण्याचा जडपणा जवळजवळ एक सप्तमांशाने वाढत जातो. यास्तव भर घालण्यासाठी छतावरचे गाळलेले पावसाचे पाणी साठवून ठेवणे इष्ट होय, कारण ते मृदू असते. रात्री हौदावर ताणून आच्छादन घातल्यास बाष्पीभवनही कमी होते. मात्र सैल ताडपत्री कधीही वापरू नये. लहान मूल तिच्यावर पाऊल टाकून खाली अडकण्याचा धोका असतो.

समतोल पाण्याचे प्रमाण ध्यानात ठेवण्यास कठीण नाही. सामू ७.२ ते ७.८ च्या दरम्यान असावा. अल्कता लिटरला ८० ते १२० मिलिग्रॅम, चुन्याचा जडपणा २०० ते ४०० मिलिग्रॅम आणि मुक्त क्लोरीन १ ते ३ मिलिग्रॅम असावा. थेंब टाकून रंग पडताळण्याची लहानशी पेटी बाजारात मिळते. तिने सामू व क्लोरीन यांची पडताळणी शक्यतो रोज आणि बाकीच्यांची आठवड्यातून एकदा करावी.

या सर्वांत सामूला अग्रमान द्यावा. सामू ७.५ असताना पाण्यातील मुक्त क्लोरीनपैकी सुमारे निम्मा भाग जंतुनाशक रूपात असतो. सामू ८ झाला की हाच भाग पाव उरतो. म्हणजे औषध तेच, खर्च तोच, पण काम निम्मे! म्हणून प्रथम सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने सामू खाली आणावा आणि त्यानंतर पुरेसा अवधी जाऊ देऊन मगच क्लोरीन घालावा. आम्ल नेहमी पाण्यात ओतावे. आम्लावर पाणी ओतू नये. आम्ल आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आल्यास विषारी वायू निघतो. क्लोरीनच्या वड्या आणि ब्लीचिंग पावडर एकाच भांड्यात मिसळल्यास स्फोटही होऊ शकतो. ही द्रव्ये निरनिराळ्या जागी, कुलपात ठेवावीत.

वरील हौदात लिटरला दोन मिलिग्रॅम क्लोरीन मिळण्यासाठी ताजी ब्लीचिंग पावडर सुमारे २५० ग्रॅम लागते. ती बादलीत कालवून, गाळ खाली बसू देऊन, वरची निवळी तेवढी हौदात सोडावी. तो गाळ चुन्याचाच असतो. पाणी आधीच जड असेल तर पावडरीऐवजी द्रवरूप हायपोक्लोराइट बरे. त्याने चुना वाढत नाही, सामू मात्र वाढतो आणि उष्णतेने त्याचा जोर ओसरतो, म्हणून थोडेथोडेच आणावे. उघड्या उन्हात क्लोरीन काही तासांत नाहीसा होतो. त्यामुळे मात्रा सूर्यास्तानंतर द्यावी हे उत्तम.

पाण्याला उग्र वास येऊन डोळे चुरचुरू लागले की क्लोरीन अधिक झाला असे समजण्याची चूक सर्रास होते. वस्तुतः घाम आणि मूत्र यांच्याशी संयोग होऊन क्लोरीन खर्ची पडला आणि मुक्त क्लोरीन अपुरा राहिला, याची ती खूण असते. उतरण्यापूर्वी अंगावर दोन तांबे पाणी घेण्याची घरातील वडीलधाऱ्यांची शिस्त येथे फार उपयोगी पडते.

पंप असा चालवावा की सहा ते आठ तासांत हौदातील सर्व पाणी एकदा गाळणीतून जाईल. गाळणीवरील दाब वाढला की वाळू उलट धुऊन काढावी. निव्वळ मातीमुळे गढूळलेल्या पाण्यात तुरटीचे द्रावण सोडून, पंप रात्रभर बंद ठेवून, तळाशी बसलेला गाळ सकाळी खेचून बाहेर टाकावा. तुरटीने सामू उतरतो, तेव्हा तो पुन्हा तपासावा. तळाची जाळी काठावरून स्पष्ट दिसत नसेल तर कोणासही पाण्यात उतरू देऊ नये, मग पाणी कितीही औषधयुक्त असो. गढूळ पाण्यात तळाशी गेलेले मूल वरून दिसत नाही.

गाळणी धुतलेले पाणी वाया घालविण्याचे कारण नाही. उघड्या टाकीत ते दोन दिवस उन्हात राहू द्यावे, क्लोरीन उरला नसल्याची त्याच पेटीने खात्री करावी आणि मग कुंपणाच्या झाडांना द्यावे.